सप्लाय चेनसाठी तिसऱ्या वर्षी युनिव्हर्सिटी बदलावी का? (अमेरिका, एफ-१)

गोदाकाठ

नमस्कार. अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर. मेअखेर ६२ क्रेडिट पूर्ण होतील, जीपीए (ग्रेडची सरासरी) ३.४५. आमच्या बिझनेस स्कूलमध्ये फायनान्स, मार्केटिंग आणि जनरल मॅनेजमेंट एवढीच मेजर (मुख्य विषय) आहेत. मला सप्लाय चेन मॅनेजमेंट करायचंय. त्यातलं इथे मिळतं काय, तर ऑपरेशन्सचा एक कोर्स, जो तसाही सगळ्यांना सक्तीचा आहे.

दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठात सप्लाय चेनचं स्वतंत्र मेजर आहे आणि तिथून फॉलसाठी (ऑगस्टच्या सत्रासाठी) प्रवेशाचं पत्र आलंय. १ जूनच्या आत डिपॉझिट भरायचंय.

खर्च असा: इथे स्कॉलरशिप वजा जाता ट्युशन आणि फी मिळून वर्षाला २४,००० डॉलर, राहणं-खाणं १४,०००. तिथे ट्युशन आणि फी ३८,०००, स्कॉलरशिप नाही, राहणं-खाणं १५,०००. शैक्षणिक कर्ज चालू आहे.

पत्रात ६२ पैकी ५९ क्रेडिट ट्रान्सफर होतील असं लिहिलंय, म्हणजे दोन वर्षांत डिग्री होईल असं धरून चाललेय. बदलावं का? व्हिसाला काही धोका? आणि इथेच राहिले तर सप्लाय चेनमध्ये शिरायला काय करता येईल?

पडवळ

५९ या आकड्यावरून दोन वर्षं ठरत नाहीत. क्रेडिट स्वीकारणं वेगळं आणि ते डिग्रीला लागणं वेगळं. पहिली गोष्ट प्रवेश विभाग सांगतो, दुसरी बिझनेस स्कूल ठरवतं. तुझ्या कोर्सला त्यांच्याकडे जोडीदार सापडला नाही, तर तो 'जनरल इलेक्टिव्ह' म्हणून नोंदवला जातो, आणि बिझनेसच्या डिग्रीत मोकळ्या इलेक्टिव्हना जागा फारच थोडी असते. उरलेले क्रेडिट ट्रान्सक्रिप्टवर नुसते दिसतात. लग्नात आलेल्या चौथ्या लेमन सेटसारखे.

त्यामुळे डिपॉझिट भरण्याआधी सप्लाय चेन मेजरचा डिग्री ऑडिट (कोणते क्रेडिट कुठल्या गरजेला लागतात याचा तक्ता) माग. काही ठिकाणी त्याला 'व्हॉट-इफ' रिपोर्ट म्हणतात. प्रवेश विभागाला विचारू नकोस, थेट बिझनेस स्कूलच्या ट्रान्सफर ॲडव्हायझरला लिही.

पत्रावर 'सप्लाय चेन' लिहिलंय की 'प्री-बिझनेस', हे आत्ता उघडून बघ. प्री-बिझनेस असेल तर तुला विद्यापीठात प्रवेश मिळालाय, मेजरमध्ये अजून नाही. मेजरसाठी ठरावीक कोर्स, ठरावीक जीपीए आणि पुन्हा अर्ज, असा दुसरा उंबरठा असतो. बहुतेक ठिकाणी ट्रान्सफरमध्ये क्रेडिट येतात, ग्रेड येत नाहीत, म्हणून हा जीपीए तिथे मिळवलेलाच धरला जाण्याची शक्यता असते. तुझ्या ३.४५ चं काम प्रवेशापाशी संपलं.

गाडी सहसा या कोर्सांपाशी अडते:

स्टॅटिस्टिक्स. गणित विभागाचा प्राथमिक कोर्स केला असेल आणि त्यांना रिग्रेशनपर्यंत जाणारं, एक्सेलवर चालणारं बिझनेस स्टॅटिस्टिक्स हवं असेल, तर सरळ नकार येतो.

अकाउंटिंग. त्यांना फायनान्शियल आणि मॅनेजरियल असे दोन वेगळे कोर्स लागतात. तुमच्याकडे दोन्ही मिळून एकच असेल तर सहसा फायनान्शियल तेवढा मान्य होतो.

कोर्सची पातळी. मार्केटिंग किंवा मॅनेजमेंटची तोंडओळख तुमच्याकडे २०० च्या क्रमांकात आणि तिकडे ३०० च्या क्रमांकात असेल, तर नाव, पुस्तक, सगळं एक असूनही वरच्या वर्गाचं क्रेडिट मिळत नाही. यावर भांडून उपयोग होत नाही, कारण बिझनेस विषयांचे निम्मे क्रेडिट आणि शेवटचे साधारण ३० क्रेडिट आपल्याकडेच व्हावेत असे नियम बहुतेक ठिकाणी असतात.

सीच्या खालचा ग्रेड असलेला कोर्स तर धरूच नकोस. तुझे गळालेले ३ क्रेडिट कदाचित तेच असतील, नाहीतर पहिल्या सत्रातला 'कॉलेजची ओळख' छापाचा कोर्स असेल.

आजच करायचं काम: आतापर्यंतच्या प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून ठेव. तू केलास त्याच सत्राचा, आठवडावार विषय आणि पुस्तकाचं नाव असलेला. विद्यापीठ सोडल्यावर पोर्टल बंद होतं आणि मग जुन्या प्राध्यापकांना ईमेल करत बसावं लागतं. एपीचे (शाळेत दिलेल्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांचे) गुण वापरले असतील तर ते कॉलेज बोर्डाकडून नव्या विद्यापीठाला पुन्हा पाठवावे लागतील. सध्याच्या ट्रान्सक्रिप्टवर दिसतात म्हणून तिकडे मोजले जात नाहीत.

उंटावरून_शेळ्या

व्हिसाचं बघू. एफ-१ वर विद्यापीठ बदलणं ही नेहमीची गोष्ट आहे, चुका होतात त्या तारखांच्या.

नव्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आणि त्यांचा ट्रान्सफर-इन फॉर्म सध्याच्या डीएसओकडे (विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणारा अधिकारी) द्यायचा. ते तुझ्याशी बोलून सेविसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद-प्रणाली) 'रिलीज डेट' टाकतात. त्या तारखेच्या आधी मन बदललं तर रद्द करता येतं. त्या दिवशी तुझं रेकॉर्ड नव्या विद्यापीठाकडे जातं आणि नवा आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो दाखला) त्यानंतरच निघतो. पाच महिन्यांच्या आत नव्या ठिकाणी वर्ग सुरू व्हायला हवेत, आणि नव्या आय-२० वरच्या सुरुवातीच्या तारखेपासून १५ दिवसांत तिथल्या डीएसओकडे नोंद व्हायला हवी. सेविस क्रमांक तोच राहतो, त्यामुळे ३५० डॉलरची फी पुन्हा भरायची नाही. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत शिल्लक असेल तर त्यावर जुन्या विद्यापीठाचं नाव असलं तरी चालतं.

रिलीज डेट निवडताना तीन गोष्टी बघ. कॅम्पसवर नोकरी असेल तर ती त्या दिवशी थांबते. उन्हाळ्यात जुन्या विद्यापीठाच्या सीपीटीवर (शिकत असताना बाहेर काम करायची परवानगी) इंटर्नशिप असेल तर तीही थांबते, म्हणून ती संपल्यानंतरची तारीख घ्यायची. आणि सुट्टीत घरी जाणार असशील तर परत येताना नव्या विद्यापीठाचा आय-२० हातात हवा. रेकॉर्ड गेल्यानंतर जुना आय-२० घेऊन विमानतळावर उभं राहणं म्हणजे आपणहून आपत्ती ओढवून घेणं.

आता खरा मुद्दा, जो या निर्णयात मेजरच्या नावाइतकाच मोलाचा आहे. आय-२० वर मेजरशेजारी सहा आकडी सीआयपी कोड (अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक) असतो. ओपीटी, म्हणजे डिग्रीनंतर इथे काम करायची परवानगी, १२ महिन्यांची. त्यापुढची २४ महिन्यांची स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) मुदतवाढ मिळणार की नाही हे हा कोड ठरवतो. सप्लाय चेनचा नेहमीचा कोड ५२.०२०३ आहे आणि तो स्टेम यादीत नाही. तुझं जनरल मॅनेजमेंट ५२.०२०१, तेही नाही. फायनान्स ५२.०८०१, नाही. मात्र काही विद्यापीठं सप्लाय चेनची डिग्री ५२.१३०१, म्हणजे मॅनेजमेंट सायन्स, या कोडखाली देतात आणि तो यादीत आहे. बिझनेस ॲनालिटिक्सचा ३०.७१०२ जानेवारी २०२२ मध्ये यादीत आला.

म्हणून नव्या विद्यापीठाला विचार: या मेजरचा सीआयपी कोड काय? उत्तर ५२.०२०३ आलं, तर तिथे बिझनेस ॲनालिटिक्स दुसरं मेजर म्हणून जोडता येतं का, आणि त्याने किती क्रेडिट वाढतात, हेही लगेच विचार. माहितीपत्रकात छापलेल्या 'स्टेम-रेडी' वगैरे शब्दांना काही अर्थ नसतो. आय-२० वरचा कोड तेवढा खरा.

गोदाकाठ

दोघांचेही खूप आभार. ॲडव्हायझरकडून ऑडिट आला. ५९ पैकी ४४ क्रेडिट ठरलेल्या गरजांना लागतात, १५ जनरल इलेक्टिव्हमध्ये गेलेत. मोकळ्या इलेक्टिव्हना डिग्रीत जागा फक्त ६ क्रेडिटची. स्टॅटिस्टिक्स नाकारलंय (हो, गणित विभागाचंच होतं). पत्रावर प्री-बिझनेस आहे. मेजरसाठी स्टॅटिस्टिक्स आणि दोन्ही अकाउंटिंग पूर्ण हवेत, आणि तिथले निदान १२ क्रेडिट. सीआयपी ५२.०२०३.

पडवळ

मग हिशोब असा. ४४ आणि ६ मिळून ५० लागले. डिग्री १२० ची, म्हणजे ७० उरले. सत्राला १५ धरले तर चार सत्रांत ६०, वर १० शिल्लक.

पण क्रेडिटपेक्षा कोर्सांची साखळी जास्त त्रास देते. सप्लाय चेनचा पाया-कोर्स बहुधा मेजरमध्ये प्रवेश झाल्यावरच घेता येतो. तो झाला की खरेदी, लॉजिस्टिक्स आणि नियोजन हे तीन, आणि ते संपल्यावर कॅपस्टोन (शेवटचा प्रकल्प-कोर्स). एकाखाली एक लिहून बघ. फॉलमध्ये स्टॅटिस्टिक्स, स्प्रिंगमध्ये मेजरसाठी अर्ज, पुढच्या फॉलमध्ये पाया, त्यानंतरच्या स्प्रिंगमध्ये ते तिघे, आणि पाचव्या सत्रात कॅपस्टोन. एखादा कोर्स फक्त फॉलमध्येच चालत असेल तर अजून लांबेल. कॅटलॉगमध्ये प्रत्येक कोर्सखाली तो कोणत्या सत्रात असतो ते दिलेलं असतं, तेवढं तपास.

हेच स्टॅटिस्टिक्स आधी मिटलं तर साखळी चार सत्रांत बसते: पहिल्या फॉलमध्ये तिथले १२ क्रेडिट, डिसेंबरात अर्ज, स्प्रिंगमध्ये पाया, मग तिघे, मग कॅपस्टोन. मध्ये एक दिवसाचीही उसंत नाही, पण बसते.

मिटवायचे मार्ग दोन. एक, सिलॅबस जोडून फेरविचाराचा अर्ज. त्यात रिग्रेशन आणि हायपोथेसिस टेस्टिंगचे आठवडे खुणा करून दाखव. दोन, उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजमधून बिझनेस स्टॅटिस्टिक्स. नव्या विद्यापीठाच्या इक्विव्हॅलन्सी यादीत त्या कॉलेजच्या त्या क्रमांकाच्या कोर्ससमोर तुला हवा तोच कोर्स दिसत असेल तरच पैसे भर. तो ऑनलाइन असेल तर भारतात बसूनही होतो, कारण एका ऑनलाइन कोर्सची मर्यादा पूर्णवेळ नोंदणीच्या सत्राला असते, सुट्टीला नाही. फक्त परीक्षा देखरेखीखाली असेल तर तिची वेळ आधी विचार. रात्री दोन वाजता कॅमेऱ्यासमोर तीन तास बसावं लागू शकतं.

ताळेबंद

पैशाचा भाग कोणी मांडला नाही म्हणून.

वर्षाचा फरक: तिथे ५३,०००, इथे ३८,०००, म्हणजे १५,००० डॉलर. दोन वर्षांचे ३०,०००. पाचवं सत्र पूर्ण घेतलं तर १९,००० ट्युशन आणि ७,५०० राहणं-खाणं, म्हणजे आणखी २६,५००. एकूण ५६,५००. डॉलर ८८ रुपये धरला तर जवळपास ५० लाख, आणि त्यावर कर्जाचं व्याज.

पाचव्या सत्राला थोडी सवलत मिळू शकते. शेवटच्या सत्रात डिग्रीसाठी उरलेले क्रेडिट १२ पेक्षा कमी असतील तर डीएसओच्या परवानगीने एफ-१ वरही तेवढेच घेता येतात. बहुतेक विद्यापीठं १२ च्या खाली दर क्रेडिटमागे पैसे घेतात. तुझे १० उरले तर १९,००० ऐवजी साधारण १६,००० होतील. राहण्याचा खर्च मात्र पूर्ण.

या आकड्यांत न दिसणाऱ्या गोष्टी: वरच्या वर्गातल्या बिझनेस कोर्सांना कित्येक विद्यापीठं वेगळी जादा फी लावतात. ती 'ट्युशन आणि फी'च्या अंदाजात धरलेली असते की नाही हे बर्सरच्या (फी घेणाऱ्या) कार्यालयाला विचार. तुझी सध्याची स्कॉलरशिप एकदा सोडली की परत येऊन मिळेल असं समजू नकोस.

आणि बँक. कर्जाची मंजुरी त्या विद्यापीठाच्या आणि त्या अभ्यासक्रमाच्या नावावर असते. विद्यापीठ बदललं की नवं प्रवेशपत्र, नवा खर्चाचा तक्ता, सुधारित मंजुरी. रक्कम वाढणार असल्यामुळे तारणाचा प्रश्नही पुन्हा निघू शकतो. इकडे नवा आय-२० निघायला निदान पहिल्या वर्षाच्या खर्चाचा, म्हणजे ५३,००० चा, पुरावा लागतो. हे दोन्ही एकमेकांची वाट बघत बसतात. घरच्यांना या आठवड्यातच शाखेत पाठव, जुलैत नको.

मालधक्का

तुम्ही सगळे व्हिसा आणि क्रेडिटमध्ये अडकलात, नोकरीचा विषय राहिलाच.

सप्लाय चेनचं प्रत्येक मेजर सारख्या वजनाचं नसतं. मिशिगन स्टेट, ॲरिझोना स्टेट, पेन स्टेट, टेनेसी (नॉक्सव्हिल) यांची या विषयात जुनी ओळख आहे. तिथे कंपन्या नेमकी सप्लाय चेनचीच मुलं शोधायला येतात. अशा ठिकाणी जायचं असेल तर जादा पैशाला अर्थ आहे. पण मॅनेजमेंटच्या जुन्या कोर्सांना नवी पाटी लावून उभं केलेलं मेजर असेल, तर तुझ्या जनरल मॅनेजमेंटपेक्षा ते फार काही देणार नाही. ओळखायचं कसं? कॅटलॉग उघडून नुसते सप्लाय चेनचे कोर्स मोज. खरेदी, लॉजिस्टिक्स, मागणीचा अंदाज आणि नियोजन, ॲनालिटिक्स, कॅपस्टोन असे सहा तरी निघायला हवेत. मग त्या विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती ते बघ. आणि प्लेसमेंटचा अहवाल पूर्ण बिझनेस स्कूलचा घेऊ नकोस, मेजरनिहाय माग. त्यातही एफ-१ विद्यार्थ्यांचा आकडा वेगळा माग. देत नसतील तर तेही उत्तरच आहे.

वेळापत्रकाचा फटका ट्रान्सफरवाल्यांना हमखास बसतो. पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी मोठ्या कंपन्या सप्टेंबर-ऑक्टोबरातच मुलाखती घेतात. तू ऑगस्टमध्ये पोचणार, करिअर फेअर सप्टेंबरात. तेव्हा तुझ्याकडे नव्या विद्यापीठाचा जीपीएच नसेल, आणि ऑनलाइन अर्जातली ३.० ची चाळणी रिकामा रकाना ओलांडू देत नाही. रेझ्युमेवर दोन्ही विद्यापीठं ठेव आणि जुन्या नावासमोर ३.४५ लिही. करिअर सेंटरचं खातं डिपॉझिटनंतर लगेच उघडतं का ते विचारून रेझ्युमे जुलैतच तयार ठेव. ट्रान्सफर विद्यार्थ्यांची कोर्स नोंदणीही शेवटी होते, त्यामुळे हवा तो कोर्स भरलेला असतो. ओरिएंटेशनची पहिली तारीख पकडायची.

इथेच राहायचं ठरलं तर: फायनान्स मेजर ठेव (हो, जनरल मॅनेजमेंट सोड, त्यात हाताला काही लागत नाही) आणि स्टॅटिस्टिक्स किंवा इन्फर्मेशन सिस्टिम्सचं मायनर (जोडविषय) कर. विद्यापीठात इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग विभाग असेल तर त्यांचे इन्व्हेंटरी आणि ऑप्टिमायझेशनचे कोर्स परवानगी काढून घे. एएससीएम या सप्लाय चेनच्या संघटनेची सीपीआयएम ही नियोजन आणि इन्व्हेंटरीची परीक्षा विद्यार्थी असतानाही देता येते. एक्सेलमध्ये पिव्होट आणि सॉल्व्हर, एसक्यूएलमध्ये जॉइन लिहिता येणं, सॅप या कंपन्यांतल्या सॉफ्टवेअरचा पडदा निदान पाहिलेला असणं, एवढ्यावर बायर, डिमांड प्लॅनर, लॉजिस्टिक्स ॲनालिस्ट या जागांसाठी अर्ज करता येतो. या जागांच्या जाहिराती वाच. 'सप्लाय चेन किंवा संबंधित पदवी' असं लिहिलेलं वारंवार सापडेल. त्या 'संबंधित'मध्ये फायनान्स बसतं.

खमंग_थालीपीठ

५६,५०० डॉलर! एवढ्यात एक वर्षाचं मास्टर्स होतं की.

उंटावरून_शेळ्या

थालीपीठ चेष्टेत बोलले असतील, पण मुद्दा बरोबर आहे. ओपीटी शिक्षणाच्या प्रत्येक वरच्या पातळीला नव्याने मिळते. इथेच चार वर्षांत बॅचलर संपवून स्टेम कोड असलेलं सप्लाय चेन किंवा ॲनालिटिक्सचं मास्टर्स केलं, तर त्यानंतर १२ आणि २४ असे ३६ महिने. आत्ता ५२.०२०३ च्या बॅचलरसाठी बदललं तर १२. स्टेमच्या २४ महिन्यांसाठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासणारी सरकारी प्रणाली) हवी आणि आय-९८३ हा प्रशिक्षणाचा आराखडा भरावा लागतो, हे धरून.

फक्त मास्टर्सचे पैसे वेगळे उभे करावे लागतात, बदल टाळला म्हणून ते आपोआप खात्यात जमा होत नाहीत. आणि बदल करून शिवाय मास्टर्सही करायचं, हा सगळ्यात महाग मार्ग.

गोदाकाठ

आजपर्यंतची स्थिती: सिलॅबस जोडून अर्ज केला आणि स्टॅटिस्टिक्स मान्य झालं. म्हणजे ५३ लागले, ६७ उरले. १७, १७, १७, १६ असे चार सत्रांत बसवता येतील, १८ पर्यंत फ्लॅट फी आहे. बिझनेस ॲनालिटिक्स दुसरं मेजर घेतलं तर आणखी १५ क्रेडिट, म्हणजे पाचवं सत्र ठरलेलंच. सप्लाय चेनचे कोर्स कॅटलॉगमध्ये मोजले, चार निघाले. त्यातला एक आमच्याकडच्या ऑपरेशन्ससारखाच दिसतोय. मेजरनिहाय प्लेसमेंट विचारलं, त्यांनी पूर्ण बिझनेस स्कूलचं रंगीत माहितीपत्रक पाठवलं.

डिपॉझिट भरायचा हात आता मागे येतोय. इथे फायनान्स मेजर करायचं तर या आठवड्यात डिक्लेअर करावं लागेल का? आणि तिकडचा प्रवेश पुढच्या स्प्रिंगपर्यंत राखून ठेवता येतो का?

पडवळ

चारांतला एक ऑपरेशन्सचा म्हणजे तीनच राहिले. त्यासाठी ३०,००० डॉलर मी तरी देणार नाही.

फायनान्स डिक्लेअर करायला आठवड्याची घाई नाही, पण फॉलची नोंदणी उघडण्याआधी कर. फायनान्सचे वरचे कोर्स बहुतेक ठिकाणी आधी मेजरवाल्यांना मिळतात आणि मग इतरांना. मेजर बदलल्यावर डीएसओला कळवून आय-२० दुरुस्त करून घे, तेवढं विसरू नकोस. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या कोर्सांसाठी त्या विभागाच्या ॲडव्हायझरला लिहिताना कॅल्क्युलस कोणतं केलंयस ते पहिल्याच ओळीत सांग. बिझनेस कॅल्क्युलसवर ते बहुधा नाही म्हणतील. अशा वेळी स्टॅटिस्टिक्स मायनरमधून रिग्रेशन आणि फोरकास्टिंगचा कोर्स घेऊन तोच रस्ता धर.

स्प्रिंगसाठी प्रवेश राखण्याचं: आधी विचार की त्या मेजरला स्प्रिंगमध्ये ट्रान्सफर घेतात का, पुष्कळ बिझनेस स्कूल फक्त फॉलमध्ये घेतात. घेत असतील तरी जानेवारीत पोचल्यावर वर दिलेली साखळी अर्ध्या वर्षाने सरकते, ती पुन्हा कागदावर मांड. आणि सिलॅबसच्या पीडीएफ राहिल्या तरी करून ठेवच, मास्टर्सच्या अर्जालाही कुणी ना कुणी मागतं.